तुरेराव, लोंबाबाई आणि राहिलेली ओळ

मैत्री म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या मुलांना प्रथम कोणी शिकवलं असेल, तर ते मी.

मित्रांनो, हे वाक्य माझ्या मागच्या कव्हरावर छापलेलं आहे. ते कोणी लिहिलं हे तिथे सांगितलेलं नाही. पण माझे मुद्रक, प्रकाशक आणि एकमेव विक्रेते धोंडीराम हे एकच गृहस्थ असल्यामुळे फारशी शोधाशोध करावी लागत नाही. शिवाय हे वाक्य मुळात पहिल्या भागासाठी होतं. तिथे जागा उरली नाही म्हणून ते माझ्यावर आलं. पहिल्या भागाचं उरलेलं बरंच काही माझ्यावर आलेलं आहे.

मी एक जुना भाग दुसरा आहे. माझं पूर्ण नाव ‘तुरेराव आणि लोंबाबाई पुन्हा भेटतात’. तुरेराव हा कोंबडा. लोंबाबाई हे वटवाघूळ. एकाचा दिवस सुरू होतो तेव्हा दुसरीचा संपतो, त्यामुळे दोघांची गाठ पडणार ती पहाटेच, आणि तीही घाईत. अशा दोघांची मैत्री होणं कठीण आहे, असं कोणी म्हटलं तर माझा वाद नाही. मला काही मत नाही. माझ्यावर जे छापलं ते मी दाखवतो.

आता माझी जन्मकथा सांगायची तर पहिल्या भागापासून सुरुवात करावी लागते. भाग दुसऱ्याचं आयुष्य असंच असतं.

नाशिक रोडला बिटको चौकात एक बसथांबा होता. सकाळी तिथे दोन बायका उभ्या असायच्या. ज्योत्स्नाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका, शाळा सकाळची. मोहिनीबाई ओझरच्या विमान कारखान्यात ट्रेसर, म्हणजे आराखड्यांवर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने स्वच्छ गिरवायचे. ज्योत्स्नाबाईंना गप्प बसता येत नसे. मोहिनीबाईंचं बोलणंही पट्टीने आखलेलं. एकीची सिटी बस आणि दुसरीची कारखान्याची बस साधारण एकाच वेळी यायच्या, निदान एकाच वेळी उशिरा यायच्या. त्या उशिरात दोघींची मैत्री झाली. ज्योत्स्नाबाई गोष्ट सांगायच्या आणि मोहिनीबाई पर्समधून कागद काढून गुडघ्यावर चित्र काढायच्या.

‘‘मोहिनी, काय देखणा कोंबडा आहे गं! पण हे खाली काय लिहिलंयस? छेद अ-अ?’’

‘‘मधोमध कापला तर आतून कसा दिसेल, ते.’’

‘‘अगं बालवाडीची मुलं आहेत ती!’’

‘‘मग वरून दिसणारा देऊ?’’

असा तो पहिला भाग तयार झाला. साल चौऱ्याण्णव. त्याच्या शेवटी रस्ता रुंद करायला उंबराचं झाड तोडतात, लोंबाबाई दुसरीकडे जाते आणि तुरेराव पहाटे एकटाच आरवतो. मुलं रडली. पालकांनी तक्रारी केल्या. पुस्तक खपलं.

आणि मग सत्कार झाला.

तो प्रसंग मी पाहिलेला नाही. पहिल्या भागाने मला सांगितला; प्रेसच्या फळीवर आम्ही काही दिवस शेजारी होतो. तो थोडा वाढवून सांगतो, पण एवढं खरं असावं. गावातल्या एका संस्थेने उत्कृष्ट बालपुस्तकाचा पुरस्कार दिला. संस्थेची पद्धत अशी की पुस्तकामागे एक शाल आणि एक नारळ. चित्रकारासाठी वेगळी तरतूद नव्हती, म्हणून मोहिनीबाईंना गुलाबाचं फूल देण्यात आलं. देठाला चंदेरी कागद होता. निवेदकाने त्यांची ओळख ‘चित्रं काढून देणाऱ्या भगिनी’ अशी करून दिली. इथपर्यंत मोहिनीबाई शांत होत्या. संस्थांकडून त्यांची फार अपेक्षा नव्हती.

नंतर ज्योत्स्नाबाई उत्तराच्या भाषणाला उठल्या. खांद्यावर शाल. त्यांनी अध्यक्षांचे आभार मानले, शाळेचे मानले, घरी यजमानांचे मानले, धोंडीरामच्या मशीनचे मानले. मग त्या म्हणाल्या, ‘‘आणि ज्या ज्ञात-अज्ञात व्यक्तींनी मला मदत केली, त्या सर्वांची मी ऋणी आहे.’’

मोहिनीबाई पहिल्या रांगेत हातात गुलाब घेऊन बसल्या होत्या. आपण ज्ञात की अज्ञात, हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर ज्योत्स्नाबाई नेहमीसारख्या बोलायला लागल्या. हॉल कसा भरला होता, माईक कसा खरखरत होता. मोहिनीबाई रस्त्याकडे बघत राहिल्या.

‘‘अगं, शाल त्यांनी दिली. मी काय मागून घेतली का?’’

‘‘मी काही म्हटलं?’’

‘‘म्हणत नाहीस, पण चेहरा बघ.’’

‘‘बस आली माझी,’’ मोहिनीबाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या. बस आली नव्हती. त्या पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेल्या, आणि पुढे रोज तिथूनच चढू लागल्या.

ज्योत्स्नाबाईंनी शाल प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात ठेवली. नाशकात थंडी बरी पडते. पण ती शाल कोणी पांघरली नाही. यजमानांनी एकदा विचारलं. त्यांना स्वेटर घालायला सांगण्यात आलं.

आता माझ्याकडे येऊ. पहिला भाग खपला की दुसरा काढावा, हे धोंडीरामला कोणी शिकवावं लागलं नाही. तो मूळचा सिन्नरकडचा. जेल रोडला एका गाळ्यात त्याचा छापखाना होता. लग्नपत्रिका हे त्याचं पोट, बाकी सगळी हौस. त्याने दोघींची परवानगी घेण्याआधीच माझं नाव ठरवून कव्हर छापून टाकलं. ‘पुन्हा भेटतात’ असं कव्हरावर आलं, तेव्हा आत काय घडणार हे लेखिकेलाही ठाऊक नव्हतं.

अबोल्यात पुस्तक कसं तयार करतात, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. मी सांगतो. मध्ये एक धोंडीराम लागतो.

‘‘मोहिनीबाई, ज्योत्स्नाबाई म्हणत्यात, वटवाघूळ जरा हसरं काढा.’’

‘‘त्यांना सांगा, वटवाघूळ हसत नाही.’’

‘‘मग कोंबडं तरी?’’

‘‘कोंबड्याला ओठ असतात का धोंडीराम?’’

तो सायकल काढून ज्योत्स्नाबाईंकडे जायचा. ‘‘बाई, दोघंबी हसायला तयार नाय.’’

‘‘असं म्हणाली ती? दोघंही?’’

‘‘तसंच कायतरी म्हणाल्या. मला लय कळलं नाय.’’

यावर ज्योत्स्नाबाई तपासून झालेल्याच वह्या पुन्हा तपासायला घेत. त्यांच्या बाबतीत ही चिंतेची गोष्ट होती. त्यांची मुलगी वेदिका तेव्हा दहावीत होती. ती वहीतून मान वर करून म्हणायची, ‘‘आई, मोहिनीमावशीला तूच फोन कर ना एकदाचा.’’

‘‘मी कशाला करू? ती गेली ना पुढच्या थांब्यावर.’’

‘‘मग तिला कसं कळणार?’’

‘‘ज्याला कळायचं त्याला कळतं. तू भूमिती कर.’’

मोहिनीबाईंच्या घरी असं बोलणारं कोणी नव्हतं. त्या एकट्या राहायच्या. त्या माझी चित्रं काढत होत्या, आणि त्यांना दुसरं काही सांगायचं असेल तर ते चित्रांतच येत होतं. माझ्या प्रत्येक डाव्या पानावर तुरेराव आहे, प्रत्येक उजव्या पानावर लोंबाबाई. एकाही पानावर दोघं एकत्र नाहीत. मजकुरात लिहिलं होतं, ‘एकाच फांदीवर दोघांच्या आठवणी बसल्या होत्या.’ मोहिनीबाईंनी फांदी काढली. ती डाव्या पानाच्या टोकापासून उजव्या पानाच्या टोकापर्यंत जाते. एका टोकाला कोंबडा, दुसऱ्या टोकाला वटवाघूळ, आणि मधोमध माझी शिवण.

शेवटचं पान सगळ्यात अवघड गेलं. ज्योत्स्नाबाईंना दोघांना भेटवता येईना. त्यांनी बऱ्याचदा लिहिलं आणि फाडलं. शेवटी धोंडीराम दारात उभा राहिला. म्हणाला, ‘‘बाई, तुळशीची लग्नं उरकली. आता पत्रिका सुरू झाल्या. आज द्या, नायतर मग लग्नसराई सरल्यावर, आखाजीनंतर बघू.’’ त्यांनी एका कागदावर लिहून दिलं, ‘आणि पहाट झाली.’ बस, तेवढंच. मोहिनीबाईंकडे तो मजकूर गेला. त्यांनी पहाट काढली आणि एक रिकामी फांदी. कोंबडा नाही, वटवाघूळ नाही. ‘पुन्हा भेटतात’ या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कोणीच आलं नाही.

मित्रांनो, इथे छपाईतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती अवघड नाही.

लग्नपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते. घरातली लहान मुलं ती म्हणतात, अशी समजूत आहे; ज्यांना अजून बोलता येत नाही अशी बाळंही म्हणतात. ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!’ खाली बंटी, स्वीटी आणि असतील तेवढी. त्या काळी धोंडीराम मजकुराच्या पट्ट्या कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि त्या पुठ्ठ्याची फिल्म काढायचा. ‘आमच्या मावशीच्या लग्नाला’ ही पट्टी दर लग्नाला बदलावी लागे. मावशीच्या जागी काका, ताई, आत्या. म्हणून ती तो हलक्या डिंकाने लावी. ‘नक्की यायचं हं!’ ही खालची पट्टी, दोन बाजूंना दोन पोपट असलेली, कधीच बदलत नसे. म्हणून ती तो हंगामाच्या सुरुवातीलाच पक्की बसवून टाकी. पुठ्ठा तोच, मावश्या बदलत जात.

माझं शेवटचं पान पत्रिकेच्याच आकाराचं होतं. नवा पुठ्ठा कापायचा कंटाळा म्हणून धोंडीरामने जुन्याच पुठ्ठ्यावरचा मजकूर सोलला आणि पहाट चिकटवली. पोपटांची पट्टी निघाली नाही. त्याने नखाने खरवडून पाहिलं. मग बाहेर नवरदेवाचे वडील येऊन बसले, आणि ते राहून गेलं.

अशा रीतीने रिकाम्या फांदीखाली, दोन पोपटांच्या मधे ‘नक्की यायचं हं!’ अशी ओळ आली. मी तेव्हा प्रूफ होतो. मला ती खटकली. पण प्रूफाला विचारतं कोण?

धोंडीरामने मला आधी ज्योत्स्नाबाईंकडे पाठवलं. त्या लाल पेन घेऊन बसल्या. त्यांचं लाल पेन नाशिक रोडला प्रसिद्ध होतं. वाण्याच्या दुकानावरची पाटीसुद्धा त्यांनी एकदा मनातल्या मनात दुरुस्त केली होती. त्या पानं उलटत शेवटी आल्या आणि पेन हवेत राहिलं.

‘‘आई, काय झालं?’’ वेदिकाने विचारलं.

‘‘मोहिनीने पोपट काढलेत.’’

‘‘गोष्टीत पोपट कुठे आहेत?’’

‘‘नाहीत. तेच तर.’’

ही ओळ आपण लिहिलेली नाही, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं. पोपट म्हणजे चित्र. चित्रं मोहिनीची. म्हणजे ओळही मोहिनीची. पोपट काही फार चांगले नव्हते. पण ते मोहिनीने भरल्या डोळ्यांनी काढले असतील, असं ज्योत्स्नाबाईंनी ठरवलं. आणि पेनाचं टोपण लावून ठेवलं.

तिथून मी मोहिनीबाईंकडे गेलो. त्यांनी पानं खिडकीशी धरली, पट्टी लावून फांदीची जाडी तपासली, शेवटच्या पानावर थांबल्या. ही ओळ म्हणजे मजकूर. मजकूर ज्योत्स्नाचा. पोपटही तिनेच काढले असणार. डावा मोठा, उजवा लहान, चोचींचा एकमेकींशी संबंध नाही. मग त्यांनी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाहिली. त्या ओळीखाली लाल खूण नव्हती. जी बाई दुसऱ्याच्या पाटीवरची चूक खपवून घेत नाही, तिने ही ओळ तशीच ठेवली आहे. म्हणजे ती तिचीच. दुसरा अर्थच निघत नव्हता.

मोहिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या, चहाचं आधण ठेवलं आणि विसरल्या. पातेलं जळल्याचा वास मला पुढे कितीतरी दिवस येत होता.

धोंडीरामने मला शेवटच्या वाचनासाठी पुन्हा ज्योत्स्नाबाईंकडे आणून टाकलं. रविवारी त्यांनी कपाटातली शाल काढली, मला तिच्याबरोबर पिशवीत घातलं आणि मोहिनीबाईंच्या घरी निघाल्या. त्याच सुमारास मोहिनीबाई ज्योत्स्नाबाईंच्या घरी निघाल्या होत्या. एक बाजारातून गेली, एक मागच्या गल्लीने.

मोहिनीबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या गोजराबाई ओट्यावर गहू निवडत होत्या.

‘‘कोण, मोहिनी? ती तर मघाशीच गेली.’’

‘‘गेली? कुठे?’’

‘‘काय बोलली नाय बाई. पण चांगली साडी नेसली व्हती. गजरा बी व्हता.’’

ज्योत्स्नाबाईंनी पिशवी घट्ट धरली. बोलवायचं, आणि गजरा माळून भलतीकडे निघून जायचं. पिशवीच्या तोंडातून मला रस्ता दिसत होता, त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण चालण्यावरून कळत होतं. त्या तडक बसथांब्यावर आल्या. थांब्यावर मोहिनीबाई उभ्या होत्या. गजरा माळलेला होता.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मधे एक भाजीची हातगाडी होती. ती गेली.

‘‘तुझ्याकडे गेले होते,’’ ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. ‘‘कुलूप.’’

‘‘असणारच. मी तुझ्याकडे होते.’’

‘‘माझ्याकडे?’’

‘‘वेदिकाने पाणी दिलं. म्हणाली, आई तुमच्याकडेच गेलीय, पळा मावशी, नाहीतर ती तिथून भांडण घेऊन परत येईल.’’

‘‘कार्टी.’’

‘‘खरं बोलली.’’

ज्योत्स्नाबाईंनी पिशवीतून शाल काढली. माझा एक कोपरा दुमडला तो तेव्हा. पुढे त्याच पानांना कव्हर चढलं, म्हणून तो अजून तसाच आहे. ‘‘ही घे. तुझी आहे. अर्धी तरी. तेव्हा तुझं नाव घ्यायला पाहिजे होतं. घेणारच होते गं, पण माईक समोर आला आणि डोकं रिकामं झालं. मी यजमानांचे आभार मानले, मोहिनी. त्यांनी ते पुस्तक अजून उघडलेलं नाही.’’

मोहिनीबाईंनी शाल प्लॅस्टिकमधून बाहेर काढली. अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळली. उजेडात धरली.

‘‘ज्योत्स्ना.’’

‘‘काय?’’

‘‘पॉलिस्टर आहे.’’

‘‘काही तरी काय. थोडी लोकर असेल.’’

‘‘पूर्ण पॉलिस्टर. यासाठी मी दोन वर्षं पुढच्या थांब्यापर्यंत चालत जातेय?’’

मग दोघी हसायला लागल्या. एक बस आली आणि गेली. ज्या ओळीमुळे त्या तिथे उभ्या होत्या, तिच्याबद्दल दोघींपैकी कोणी अवाक्षर काढलं नाही. दुसरी आधी नमली आहे. आता तिला ते बोलून दाखवणं बरं नव्हे, असं प्रत्येकीला वाटलं. मी पिशवीत होतो. मला सगळं ठाऊक होतं. कोणी उघडलं असतं तर कदाचित सांगितलंही असतं.

शेवटचं पान तसंच छापलं गेलं. दोघींनी धोंडीरामला वेगवेगळं बजावलं की तळाच्या ओळीला हात लावायचा नाही. धोंडीराम घाबरून ‘‘नाय लावत’’ म्हणाला. राहिलेली चूक तशीच ठेवा असं आपल्याला का सांगितलं जातंय हे त्याला कळलं नाही, आणि हंगामाच्या दिवसात तो विचारायच्या भानगडीत पडत नसे.

मी प्रकाशित झालो. एका स्थानिक दैनिकाने लिहिलं की लेखिकेने शेवट धाडसाने खुला ठेवला आहे. पालक म्हणाले, पण भेटतात कुठे? मुलं शेवटच्या पानाशी थांबायची, रिकामी फांदी बघायची आणि पुन्हा पहिलं पान उघडायची. कुठेतरी भेटले असतील आणि आपल्याकडून पान सुटलं असेल, असं त्यांना वाटायचं. माझा सत्कार झाला नाही. त्यामुळे भांडणही झालं नाही.

मोहिनीबाई जुन्या थांब्यावर परत आल्या. वर्षं गेली. ज्योत्स्नाबाई बोलत राहिल्या, मोहिनीबाई मोजत राहिल्या. गावात संगणक आले, आणि कारखान्यात ट्रेसरचं काम संपलं. मोहिनीबाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तरी त्या सकाळी थांब्यावर येत. बस पकडायची नसली तरी.

माझ्या न खपलेल्या प्रती धोंडीरामच्या प्रेसमध्येच होत्या. कापायच्या कागदावर वजन म्हणून आम्हाला ठेवत. हेही एक काम आहे, आणि मी ते नीट केलं. दोन हजार चार साली मी असाच एका गठ्ठ्यावर पडलो होतो, तेव्हा त्या दोघी आत आल्या, आणि बरोबर वेदिका. वेदिकाचं लग्न ठरलं होतं.

धोंडीरामने नमुन्यांचा अल्बम पुढे केला. वेदिका एका पत्रिकेवर थांबली.

‘‘आई, हे पोपट मी कुठेतरी बघितलेत.’’

‘‘कुठं म्हंजे?’’ धोंडीराम म्हणाला. ‘‘आमचे कायमचे पोपट आहेत ते. पंधरा-वीस वर्षं झाली. अर्ध्या नाशिक रोडची लग्नं लावली त्यांनी. अन् ताई, तुझ्या आईच्या पुस्तकात पण गेले होते की एकदा! लग्नसराईत पट्टी निघालीच नाय. म्हटलं, आता बाई मला सोलणार. पण दोघीबी म्हणाल्या, हात लावू नको. मग मी पण गप राहिलो.’’

मशीन चालू होतं. धोंडीराम ते बंद करायला गेला.

ज्योत्स्नाबाईंनी पत्रिका हातात घेतली. ‘‘म्हणजे ते तू नव्हतं लिहिलंस.’’

‘‘मी? मला वाटलं, तू.’’

‘‘मग आपल्याला बोलावलं कोणी?’’

ज्योत्स्नाबाई उठल्या आणि दारात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. वेदिका एकदा आईच्या पाठीकडे आणि एकदा मावशीकडे बघत होती. तिने अल्बम मिटला. तिच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी कोणी कुठे बसायचं हे सगळं ठरलेलं होतं, आणि त्यात मोहिनीमावशीची जागा आईच्या शेजारी होती.

मी गठ्ठ्यावर होतो. सात वर्षं ज्या ओळीवर दोघी उभ्या होत्या, ती ओळ एका अनोळखी मावशीच्या लग्नाची निघाली होती. अशा वेळी माणसं काय करतात, हे माझ्या कोणत्याच पानावर नव्हतं.

मोहिनीबाईंनी चष्मा लावला आणि पत्रिका उजेडाकडे धरली.

‘‘डावा पोपट मोठा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सात वर्षं मला ते खुपतंय. तू काढलेत असं वाटलं, म्हणून मी एका शब्दाने बोलले नाही.’’

दारातून आवाज आला, ‘‘मी काढले असते तर इतके तरी बरे आले असते का?’’

‘‘तेही खरं.’’

‘‘आणि मी तुझे म्हणून सात वर्षं तुझ्या माघारी सगळ्यांना सांगतेय. म्हणते, किती भावना आहेत बघा त्या पोपटांत.’’

‘‘धोंडीराम,’’ मोहिनीबाई म्हणाल्या, ‘‘ही ओळ ठेवा. फक्त डावा पोपट थोडा लहान करा.’’

‘‘काही करू नका,’’ ज्योत्स्नाबाई वळल्या. त्यांचे डोळे लाल होते. ‘‘आहेत तसेच राहू देत.’’

मोहिनीबाईंनी एकदा पोपटांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. मापाच्या बाबतीत त्यांनी कोणाचं ऐकल्याचा मला माहीत असलेला हा एकच प्रसंग.

पुढे माझ्या उरलेल्या प्रती शाळांच्या वाचनालयांसाठी विकत घेतल्या गेल्या. पहिला भाग मागितला होता. तो संपला होता, म्हणून मी गेलो. आता मी पेठ तालुक्यातल्या एका शाळेच्या कपाटात आहे. माझ्यावर गोल शिक्का आहे. कपाटात झुरळं आहेत, ती वाचत नाहीत, पण खातात. मध्यंतरी सरू नावाच्या एका मुलीने मला काढलं, फांदीवरून बोट फिरवत शेवटच्या पानापर्यंत आली आणि गुरुजींना विचारलं, ‘‘गुरुजी, कुठं यायचं?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘ते पहिल्या भागात असेल.’’ पहिला भाग कपाटात नव्हता. तिने मला जागेवर ठेवलं. सरळ ठेवलं, उलटं नाही. एवढीही माया हल्ली कमी मिळते.

तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. पुस्तकाचं पान थुंकी लावून उलटू नका. कोपरे दुमडू नका. माझ्यावर पाण्याचा पेला ठेवू नका. भाग पहिला हरवू नका, कारण त्याचा जाब पुढे दुसऱ्याला विचारला जातो. आणि कोणाशी अबोला असेल, तर ती बोलावेल मग जाऊ, असं म्हणत बसू नका. सगळ्यांच्या गावात धोंडीराम नसतो, आणि असला तरी त्याची पट्टी दर वेळी घट्ट बसलेली असेलच असं नाही.

वेदिकाचं लग्न नीट पार पडलं. पाचशे पत्रिका धोंडीरामने छापल्या, घड्या घातल्या, बांधून घरी पोचवल्या. त्यातली एक त्याला द्यायची राहून गेली.